बग्गीवाल्याचं गाव

साखऱ्याच्या शाळेत मी अठ्ठ्याण्णव साली रुजू झालो, तेव्हा पारुबाई आडे वर्षातले सहा महिने गावाकडं नसायची. दिवाळी झाली की तांड्यावरची निम्मी माणसं मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायची आणि कोल्हापूरकडं ऊस तोडायला जायची. पारुबाई आणि तिचा नवरा रूपसिंग, दोघांनी असे बारा हंगाम केले. दोन हजार साली त्यांच्या विहिरीला पाणी लागलं आणि त्यांनी ट्रकमध्ये बसणं सोडलं. मग सोयाबीन, त्यामागून हरभरा, कडेनं तूर, आणि थोडी हळद.

तांडा गावापासून मैलभर, माळाच्या उतारावर. पारुबाई तेव्हा पन्नाशीच्या अल्याड-पल्याड असेल. नेमकं वय तिलाही ठाऊक नव्हतं. जुन्या वळणाची बाई. घेरदार घागरा, आरशांची कांचळी, डोक्यावरून ओढणी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि कानशिलावर केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या. सुना साड्या नेसायला लागल्या होत्या, ही बदलली नव्हती. लिहिता-वाचता येत नव्हतं. बोलायची कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा उलगडा झाल्याशिवाय सोडायची नाही. तिची नात दिपा माझ्या वर्गात होती. हजेरीत तिचं नाव 'दीपा' आणि रेशनकार्डावर 'दिपा' आहे, हे नातीकडून कळल्यावर पारुबाई अर्धा दिवस शाळेच्या ओट्यावर बसून राहिली. "सर, लेकरू एकच हाय ना? मंग नावं दोन काहून?" मी हजेरीत खाडाखोड करून दिली, तेव्हा ती उठली.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये रूपसिंगनं सेनगावातून सोयाबीनचं बियाणं आणलं. प्रत्येक पिशवीत सोडतीचं एक कुपन होतं. शेत पारुबाईच्या नावावर, म्हणून पावती तिच्या नावावर, आणि दुकानदारानं पावती बघून कुपनावरही तेच नाव टाकलं. दसऱ्याच्या सुमारास तो दुकानदार मोटारसायकलवर तांड्यावर आला आणि म्हणाला, "पारुबाईला मॉरिशस लागला."

पारुबाईला वाटलं, हे एखाद्या रोगाचं नाव आहे. रूपसिंगला वाटलं, नव्या वाणाचं. दुकानदारानं समजावून सांगितलं की ते समुद्रातलं एक बेट आहे, विमानानं जायचं, सहा दिवस राहायचं, सगळं बियाण्याची कंपनी बघणार.

"मंग मीच जातो की," रूपसिंग म्हणाला. "कागद तिच्या नावाचा असला तरी कारभार माझा हाय."

"नाव तिचं, तर तिलाच जावं लागंल. एका कुपनावर एकच माणूस."

रूपसिंग दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना म्हणाला, "जाय. पर आल्यावर मला सगळं बराबर सांगायचं."

पासपोर्टचा फॉर्म मी भरला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी आम्ही अडलो. तिला एवढंच ठाऊक होतं की ती जन्मली तेव्हा तांडा एका नदीकाठी उतरला होता आणि ज्वारी निसवली होती. शेवटी हिंगोलीला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं आणि त्यात मी अंदाजानं एक तारीख घातली. चौकशीला पोलीस आला तेव्हा तांडा चिडीचूप झाला. पारुबाईनं काय गुन्हा केला, हे कोणी विचारायलाही धजेना.

मग कंपनीकडून छापील कार्यक्रम आला. मी तिला एकेक दिवस वाचून दाखवला. तिसऱ्या दिवसापुढं लिहिलं होतं: डोंगरातल्या रस्त्यांवरून बग्गीची सैर, सोबत वाटाड्या.

"बग्गी?" पारुबाईनं विचारलं. "हिंगोलीत वरातीला असती, तसली?"

"तसलीच असणार."

"म्या म्हातारीनं नवरदेवाच्या गाडीत बसायचं? अन् शेजारी कोण बसंल?"

मी अगदी खात्रीनं सांगितलं की तिकडं पाहुण्यांना फिरवायला घोडागाड्या ठेवतात, त्यात लाजायचं काही नाही. मला तरी दुसरी कुठली बग्गी माहीत होती?

दोन हजार सहाच्या मे महिन्यात हिंगोलीच्या डेपोसमोरून गाडी निघाली. चाळीस माणसांत बायका दोनच. पारुबाई, आणि हट्ट्याच्या सुमनबाई. सुमनबाईंच्या नवऱ्याचं खतांचं दुकान होतं, पण परवाना बायकोच्या नावावर होता, म्हणून त्यांचंही पारुबाईसारखंच झालं होतं. दोघींना एक खोली मिळाली. बेटावर जे घडलं ते मी पारुबाईकडून अनेकदा ऐकलं, आणि पुढं सुमनबाई भेटल्या तेव्हा त्यांनीही तसंच सांगितलं.

निघताना इकडं अंगाची लाही होत होती. तिकडं उतरल्यावर गार वारा सुटलेला, माणसं स्वेटर घालून हिंडत होती. पारुबाईनं कंपनीच्या देविदास साहेबांना विचारलं, "मे महिन्यात थंडी कशी?"

"इथं आता हिवाळा लागून राहिला."

"मंग ह्यांची दिवाळी कवा येती?"

देविदास साहेब नुसते हसले.

माणसं बघून तर ती आणखीच चक्रावली. रंगानं आपल्यासारखी, नाकीडोळी आपल्यासारखी, एका दुकानात तर गणपतीची तसबीर. पण तोंड उघडलं की एक शब्द कळू नये. पारुबाई आधी मराठीत बोलून बघायची, मग हिंदीत, मग तांड्याच्या बोलीत. समोरचा हसून मान हलवायचा. समुद्र तिनं पहिल्यांदाच पाहिला. जवळ मात्र गेली नाही. पाणी एका जागी थांबत का नाही, हे तिला समजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना डोंगराच्या पायथ्याशी एका खाजगी रानात नेलं. तिथं एका रांगेत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. जाड चाकं, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दारं नाहीत, काचा नाहीत. पारुबाईनं इकडंतिकडं पाहिलं.

"साहेब, घोडे चरायला गेले का?"

पुरुष मंडळी हसली. देविदास साहेब म्हणाले, "बाई, हीच बग्गी. इंजिनवर चालती."

"मंग हिला जीप काहून म्हनत न्हाईत?"

तिथली एक मुलगी प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट चढवत होती. पारुबाईच्या घुगऱ्यांवरून ते काही केल्या खाली उतरेना. घुगऱ्या काढायला ती तयार नव्हती. नवरा जिवंत असताना त्या कशा काढायच्या? मुलीनं तीन हेल्मेटं बदलली, शेवटी सगळ्यात मोठं आणलं आणि ओढणीवरून हनुवटीखाली पट्टा बांधून दिला. सुमनबाई सांगतात, डोक्यावर पाण्याची घागर ठेवावी तसं ते दिसत होतं, आणि पारुबाई मानही तशीच ताठ धरून बसली होती.

बाकीचे दोघंदोघं मिळून आपापली गाडी चालवणार होते. या दोघींसाठी चार जणांची बग्गी काढली आणि तिथला वाटाड्या स्वतः चालवायला बसला. चाळिशीचा, सावळा, अर्ध्या चड्डीतला माणूस. सोबतचे त्याला 'आरिशाँ, आरिशाँ' अशी हाक मारत होते. तो इंग्रजीत काहीतरी सांगायचा, बोटानं दाखवायचा आणि पुढं जायचा. हरणं दाखवली, झाडावरची माकडं दाखवली. दोघी मान हलवत होत्या.

रस्ता आधी तांबड्या मातीचा होता. मग एक ओढा लागला. बग्गी सरळ पाण्यात घुसली आणि दोघींचे पाय भिजले. पुढं चढण सुरू झाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी, खाली निळं पाणी. पारुबाईनं दोन्ही हातांनी नळी धरली आणि डोळे मिटले. एका वळणावर वाऱ्याबरोबर वास आला, म्हणून तिनं डोळे उघडले. उतारावर ऊसच ऊस होता, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे रचलेले ढीग. दगड थेट आपल्या माळावरचे. तिला क्षणभर कळेना आपण कुठं आहोत.

"सुमनबाई, हा ऊस बघा," ती म्हणाली. "असल्या उतारावर मोळी डोक्यावर घेऊन उतरायचं म्हंजी गुडघे राहत न्हाईत. कोण तोडत असंल?"

वाटाड्यानं एकदम गाडी थांबवली आणि मागं वळून पाहिलं.

"ऊस? तुमी ऊस म्हटला?"

आपलं काही चुकलं असं दोघींना वाटलं.

"आमी मराठी हाय," तो म्हणाला. एकेक शब्द शोधून काढल्यासारखा बोलत होता. "माझा नाव हरिचंद. हरिचंद जाधव. माझा पणजा इंडियातून आला. ऊस तोडायला."

'आरिशाँ' म्हणजे हरिचंद, हे समजायला त्यांना वेळ लागला. सुमनबाईंनी विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"माझा घरी कागद हाय. कागदावर हाय. गाव साखरा."

पारुबाईला वाटलं, वाऱ्यामुळं भलतंच ऐकू आलं. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

"साखरा तर माझंच गाव हाय," ती म्हणाली. "अन् माझं माहेर जाधवाचं."

हरिचंदनं इंजिन बंद केलं. मागून येणाऱ्या बग्ग्या थांबल्या, भोंगे वाजायला लागले. तो उतरला, पुढून वळसा घालून पारुबाईच्या बाजूला आला आणि नुसता उभा राहिला. मग त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं पाय वर ओढून घेतले.

माथ्यावर पोचल्यावर त्यानं देविदास साहेबांशी इंग्रजीत बरंच बोलणं केलं. देविदास साहेबांना नीट उमगलं नाही, पण त्यांनी घड्याळ दाखवून एक तास दिला. रानाच्या मागच्या फाटकातून उसातली एक कच्ची वाट थेट हरिचंदच्या वस्तीवर जात होती. बग्गी तिकडं वळली. दोन्ही बाजूंनी ऊस इतका उंच की आकाशाची फक्त एक पट्टी दिसत होती. पारुबाई मनाशी जुळवत होती. साखऱ्यात जाधव कोण? तांड्यावर आहेत दोन घरं. गावात असतील चार. पण कोणी समुद्रापार गेल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि तिचं माहेर काही साखऱ्यातलं नव्हतं, ते तिकडं दूर वाशिमच्या बाजूला. शिवाय तांड्यावरचे जाधव वेगळे, गावातले जाधव वेगळे. हे सगळं सांगायला हवं होतं. पण हरिचंद जेवढी मराठी समजत होता, तेवढ्यात ते मावत नव्हतं.

पत्र्याच्या पडवीत त्याची आई रखमाबाई बसली होती. ऐंशीच्या पुढची, अंगात झगा, वर स्वेटर. हरिचंद तिच्याशी त्यांच्या बोलीत भराभर बोलला. म्हातारीनं पारुबाईकडं पाहिलं, आणि मुलापेक्षा पुष्कळ बरी मराठी तिच्या तोंडून आली.

"गावची हायस तू?"

"व्हय."

म्हातारीनं तिला जवळ बसवलं. ओढणीवरच्या आरशांवरून बोटं फिरवली, बांगड्या मोजल्यासारख्या वरखाली केल्या. "आमच्या गावच्या बायका अशा कपड्यात ऱ्हातात? माझ्या सासूनं कधी सांगितला नाय." मग हरिचंदला काहीतरी म्हणाली. तो आतून फोटोचा कॅमेरा घेऊन आला.

सुमनबाई शेजारी साध्या साडीत बसल्या होत्या, त्यांच्याकडं कोणी बघेना. भिंतीवर म्हातारीच्या सासूचा जुना फोटो होता. त्यातली बाई सुमनबाईंसारखीच साडी नेसली होती. हे सुमनबाईंच्या ध्यानात आलं, पण त्या बोलल्या नाहीत.

"घरासमोर फणस हाय अजून?" म्हातारीनं विचारलं.

"आमच्याकडं फणस न्हाई होत," पारुबाई म्हणाली. "सीताफळ हाय. पळस हाय. साग हाय थोडा."

"अन् समुद्र? माझी सासू सांगायची, तिच्या सासऱ्याच्या दारातून समुद्र दिसत होता."

पारुबाई गोंधळली. साखऱ्याहून समुद्र दिसणं सोडाच, तिनं स्वतः तो दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिला होता. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तेच तिच्या तोंडून आलं. "न्हाई याडी. समुद्र लई लांब हाय. विमानात बसून बघावा लागला मला."

म्हातारी हळूच म्हणाली, "मग सासूच चुकली असंल. ती तरी कुठं गेली होती तिकडं? तिनं पण ऐकलेला." आणि तिनं मान हलवली, जणू मनातलं काहीतरी उचलून बाजूला ठेवलं.

हरिचंदनं कागद आणला. पणजोबा बेटावर उतरला त्या वेळच्या नोंदीची झेरॉक्स होती. इंग्रजी लिहिलेलं, शाई पसरलेली, मधून घडीची काळी रेघ. सुमनबाई मराठी सातवी शिकलेल्या, त्यांना ते वाचता येईना. हरिचंदनं बोट ठेवून "सा-ख-रा" असं म्हणून दाखवलं, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीमागं आपला पत्ता आणि फोन नंबर लिहून ती पारुबाईला दिली. गावात दाखव, म्हणाला, कोणी ओळखतं का विचार. म्हातारीनं उठून तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि एक फुलाफुलांचं कापड. "जाधवांची लेक हायस," ती म्हणाली. "रिकामी जाऊ नको."

परतीच्या वाटेवर पारुबाई सुमनबाईंना म्हणाली, "माझं काही बराबर झालं न्हाई. मी त्या बाईचा समुद्र काढून घेतला."

"गप बसा. खूश झाली ती."

"खूश झाली, पर फणस बी गेला तिचा."

सहा दिवसांनी ती परत आली. रूपसिंगला तिनं विमान, बग्गी, माकडं सगळं सांगितलं, पण त्याला वाटत होतं की मुख्य गोष्ट ती लपवून राहिली आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी ती माझ्याकडं आली. ओढणीच्या गाठीतून झेरॉक्स काढली. "सर, आपल्या गावातून कोणी बोटीत बसून गेलं होतं का? जुन्या काळात?"

मी कागद उजेडात धरला. नाव लागलं, बापाचं नाव लागलं. गावाचं नाव साखऱ्यावर संपत नव्हतं. घडीच्या काळ्या रेघेखाली आणखी दोन अक्षरं होती, पी आणि ए. खालच्या ओळीत जिल्हा होता, कुणा साहेबानं आपल्या कानाला ऐकू आला तसा लिहिलेला. मी ते दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. रत्नागिरी. दुसऱ्या दिवशी सेनगावच्या पोस्टात पिनकोडची वही उघडून बघितली. रत्नागिरी जिल्ह्यात साखरपा नावाचं गाव होतं.

मी तांड्यावर जाऊन तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी खोटं बोलले."

"खोटं कसं? त्यांनी साखरा म्हटलं, तुम्हीही साखराच म्हटलं."

"पर ओटी दुसऱ्याची घेतली. अन् तिच्या सासूला खोटं पाडलं." थोडं थांबून तिनं विचारलं, "त्या साखरप्याला समुद्र हाय का?"

"कोकणात आहे. असेल."

तिनं तिथंच मला पत्र लिहायला बसवलं. मी म्हटलं, त्यांचा आनंद कशाला घालवायचा. तिनं ऐकलं नाही. पत्र तिनं सांगितलं तसंच लिहिलं: तुमचं गाव आमचं नव्हं. तुमचं गाव साखरपा, कोकणात. तुमच्या सासूबाई बराबर होत्या. मी तांड्याची जाधव, तुमी वेगळे जाधव. चूक माझी झाली.

पाच महिने काही आलं नाही. नोव्हेंबरअखेर हरिचंदचं उत्तर आलं, तिसरीतल्या पोरानं लिहावं तशा मोठ्या अक्षरात. पत्र मिळाला, आनंद झाला, गावाचा बरोबर नाव साखरपा हाय हे समजला, आई पण खूश. मी डिसेंबर दहाला येतो.

मी ते पारुबाईला आणि रूपसिंगला वाचून दाखवलं. त्याला अर्थ उलटाच लागला होता, आमच्याच गावाचं खरं नाव साखरपा आहे असा. दुसरं पत्र वेळेत पोचणार नव्हतं. सेनगावच्या बूथवरून मी फोन लावला. तिकडं एका बाईनं उचलला आणि ती त्यांच्या बोलीत बोलायला लागली. मी इंग्रजीत, मग हिंदीत सांगून बघितलं. ती 'आरिशाँ, आरिशाँ' एवढंच म्हणत राहिली. लाइन तुटली.

आणि दहा डिसेंबरला दुपारी हरिचंद जाधव हिंगोली स्टेशनवर उतरला. रूपसिंग आणि मी त्याला घ्यायला गेलो होतो. तांड्यावर त्याला बघायला सगळे जमले. तो प्रत्येक म्हाताऱ्याच्या पाया पडत होता आणि "जाधव? जाधव?" असं विचारत होता. दोन जाधव निघाले. त्यांनी त्याला मिठी मारली, पण हा कोण ते त्यांना कळेना. तांड्यातल्या बायका त्यांच्या बोलीत बोलत होत्या, ती त्याला मराठी वाटत होती, आणि आपल्याला मराठी इतकी कमी कशी येते याचं त्याला वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर बसवून मी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. पोस्टातल्या वहीतून उतरवून घेतलेला पत्ता दाखवला. त्यानं स्वतःजवळचा कागद उघडला, घडी बोटांनी सपाट केली, दोन अक्षरं पाहिली. मग त्यानं मराठीत विचारलं, "मग मी आता कुठं हाय?"

पारुबाई खाली पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मी नेते तुमाला. कोल्हापूरपातुरचा रस्ता मला ठाव हाय. बारा सालं गेले त्या रस्त्यानं."

तीच वाटाडी झाली. रूपसिंगही निघाला, या वेळी मागं राहायला तो तयार नव्हता. तिघं एसटीनं दीड दिवस गेले. कुठल्या फाट्यावर चहा बरा मिळतो, कुठल्या कारखान्याची चिमणी कुठून दिसते, हे पारुबाई हरिचंदला दाखवत होती. त्याला निम्मं कळत होतं. उसाचे ट्रॅक्टर दिसले की मात्र दोघंही खिडकीतून वाकून बघायचे. कोल्हापूर सोडून गाडी आंबा घाटाला लागली तेव्हा ती म्हणाली, "इथून म्होरं मलाबी ठाव न्हाई." वळणावळणावर हरिचंद समोरचा दांडा घट्ट धरून बसला. तो रोज डोंगरात बग्गी चालवणारा माणूस, पण दुसऱ्याच्या हातातली गाडी त्याला सोसत नव्हती.

साखरप्याला जाधव पुष्कळ होते. प्रत्येकानं विचारलं, "वाडी कोणती?" कागदावर वाडी नव्हती. एका म्हाताऱ्या गृहस्थानं तिघांना घरी नेलं, जेवू घातलं, आपल्या घराण्यातली नावं आठवून आठवून सांगितली. त्यात कागदावरचं नाव आलं नाही. दुसऱ्या एका घरी ते नाव आलं, पण तो माणूस मुंबईला गिरणीत गेला होता म्हणे. दारोदार फणसाची झाडं होती.

"समुद्र कुठून दिसतो?" हरिचंदनं विचारलं.

"समुद्र इथनं कुठचा? तो तिकडे रत्नागिरीला. पन्नास किलोमीटर असेल."

संध्याकाळी बूथवरून त्यानं आईला फोन लावला. बराच वेळ त्यांच्या बोलीत बोलणं झालं. मग त्यानं रिसीव्हर पारुबाईच्या हातात दिला.

"समुद्र नाय दिसत म्हणतो," रखमाबाईचा आवाज आला. "मग सासूच्या सासऱ्याला कुठनं दिसत होता?"

"याडी, मला ठाव न्हाई," पारुबाई म्हणाली.

"फणस हाय?"

"फणस हायत. लई हायत."

"बरं," म्हातारी म्हणाली.

हरिचंद तिथूनच मुंबईला गेला. निघताना त्यानं पारुबाईला विचारलं की आता तिला काय म्हणायचं. ती म्हणाली, काय म्हणत होता तेच म्हणा. तो काही म्हणत नव्हता, हे मागाहून तिच्या लक्षात आलं. पुढं दर दिवाळीला त्याचा फोन यायला लागला, आधी माझ्याकडं, मग रूपसिंगनं मोबाईल घेतल्यावर त्यावर. तो आणि पारुबाई मोठमोठ्यानं बोलायचे. काय बोललात विचारलं तर पारुबाई म्हणायची, "निम्मं कळलं."

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात रखमाबाई वारल्याचा फोन आला. सोयाबीनची खुरपणी चालू होती. पारुबाई शेतातून घरी आली आणि रूपसिंगला विचारलं, मला सुतक लागतं का? त्याला सांगता येईना. दोघं नायकाकडं गेले. नायक तांड्याचा जाणता माणूस. त्यानं सगळं पहिल्यापासून ऐकलं, मधेच दोनदा थांबवून कोण कुठला जाधव ते विचारलं, आणि सांगितलं की लागत नाही. रक्ताचं काही नाही, गावही एक नाही, आपली माणसंही नव्हेत ती.

पारुबाई व्हय म्हणाली. त्यानंतर तिनं दहा दिवस केसांना तेल लावलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नायक बराबर बोलला, सर. पर त्यानं तिला पाह्यलं न्हाई ना." अकराव्या दिवशी सकाळी तिनं न्हाणं केलं, दिपाला सोबत घेतलं आणि दोघी राहिलेली खुरपणी उरकायला शेताकडं निघाल्या.